काकोडकर : एक आडनाव आणि त्याचे अनेक धनी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कुडचड्याच्या परिसरातील एका लहान वाचनालयाचे काम मी अनेक वर्षे पाहत आहे. इतक्या वर्षांत पुस्तकांविषयी जितके प्रश्न विचारले गेले नसतील, तितके एका आडनावाविषयी विचारले गेले. विचारणारे कधी प्रश्नमंजूषेच्या तयारीला आलेले विद्यार्थी असतात, कधी मुंबई-पुण्याहून मूळ गाव शोधत आलेली काकोडकर मंडळी, तर कधी लेख पुरा करण्याच्या घाईत फोन करणारे वार्ताहर. तोंडी उत्तरात काही ना काही सुटते आणि ऐकणारा त्यात स्वतःची भर घालतो, म्हणून ही उत्तरे एकदा नीट लिहून काढली आहेत.

काकोडकर हे आडनाव कुठून आले?

काकोडा या गावावरून. काकोडा दक्षिण गोव्यातील केपे तालुक्यात आहे आणि आज ते शेजारच्या कुडचड्यासह एकाच नगरपालिकेत मोडते. पालिकेचे नावच कुडचडे-काकोडा नगरपालिका असे आहे. गावाच्या नावाला ‘कर’ जोडून आडनाव तयार करण्याची रीत कोकण, गोवा आणि महाराष्ट्रभर आहे. गावाच्या नावातील शेवटचा स्वर बहुधा गळून पडतो : बांदोड्याचे बांदोडकर, केरीचे केरकर, आमोण्याचे आमोणकर, मंगेशीचे मंगेशकर, आणि त्याच चालीने काकोड्याचे काकोडकर. नियम म्हणावा इतके हे पक्के मात्र नाही. कुर्डीचे लोक ‘ई’ न सोडता कुर्डीकर झाले, आणि पर्र्याच्या लोकांनी नसलेली ‘ई’ घालून पर्रीकर हे नाव घेतले. भाषेच्या तोंडाला जे सोपे वाटले ते टिकले, एवढेच म्हणता येते.

या रीतीतली एक गोष्ट पुष्कळदा नजरेतून सुटते. गावातल्या गावात गावाचे नाव लावून काहीच साधत नाही, कारण तिथे सगळेच त्या गावचे असतात. तिथे माणूस ओळखला जातो तो वाड्यावरून, घराच्या नावावरून किंवा धंद्यावरून. ‘काकोडकर’ म्हणून हाक मारण्याची गरज पडते ती माणूस काकोड्याबाहेर पडल्यावर. त्यामुळे या आडनावाचे नामांकित लोक काकोड्याबाहेरच अधिक सापडतात, याचे आश्चर्य वाटायला नको.

म्हणजे सगळे काकोडकर एकमेकांचे नातेवाईक आहेत का?

नाहीत. हा गैरसमज सर्वात चिवट आहे, म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट केलेला बरा. गावावरून आलेले आडनाव पत्त्यासारखे असते. एकाच गावातून वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या कारणांनी बाहेर पडलेली आणि एकमेकांशी रक्ताचा काहीही संबंध नसलेली घराणी तेच आडनाव लावू शकतात. दोन काकोडकरांचे नाते असेलच असे नाही आणि नसेलच असेही नाही. ते ठरते वंशावळीवरून, आडनावावरून कधीच नाही. लग्नपत्रिकेवर तेच आडनाव दिसले की ‘मग आपण एकाच कुळातले’ असे म्हणणारे पाहुणे आपल्याकडे कमी नाहीत. त्यांना मी फक्त कुलदैवत आणि गोत्र विचारतो, आणि तिथेच बहुतेक वेळा चर्चा थांबते.

या आडनावावरून जात कळते का?

कळत नाही. गावाचे नाव गावातील कोणत्याही समाजाच्या माणसाला लावता येते, आणि गोव्यातील बहुतेक ‘कर’ आडनावे एकाहून अधिक समाजांत आढळतात. ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांनी मात्र बहुधा फर्नांडिस, डिकॉस्ता यांसारखी पोर्तुगीज आडनावे घेतली, त्यामुळे त्याच मातीतल्या अनेक घरांच्या नावात गावाचा मागमूसही उरलेला नाही. काकोडकर नसलेले काकोड्याचे लोक पुष्कळ आहेत आणि काकोडा कधी न पाहिलेले काकोडकरही पुष्कळ आहेत.

अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकर गोव्याचे आहेत का?

कुळाने होय, जन्माने नाही. त्यांचा जन्म ११ नोव्हेंबर १९४३ रोजी बडवानी येथे झाला. बडवानी तेव्हा संस्थान होते. आज ते मध्य प्रदेशात आहे. बालपण तिकडे, बडवानी आणि खरगोन भागात गेले, पुढचे शिक्षण मुंबईत रुपारेल महाविद्यालयात आणि व्हीजेटीआयमध्ये झाले. यंत्र अभियांत्रिकीची पदवी १९६३ मध्ये घेऊन ते १९६४ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्रात रुजू झाले, १९६९ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या नॉटिंगहॅम विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी घेतली, १९९६ ते २००० या काळात ते भाभा केंद्राचे संचालक होते आणि २००० पासून २००९ पर्यंत अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष. पोखरणच्या १९७४ आणि १९९८ या दोन्ही अणुचाचण्यांत त्यांचा सहभाग होता. तुर्भ्याची ध्रुव अणुभट्टी, कल्पाक्कमच्या अडचणीत आलेल्या भट्ट्या पुन्हा कार्यक्षम करणे आणि थोरियमवर चालू शकणाऱ्या प्रगत जडपाणी अणुभट्टीचा आराखडा ही त्यांच्या नावाशी जोडली जाणारी कामे आहेत. भारत-अमेरिका नागरी अणुकरार २००८ मध्ये तडीस गेला तेव्हा आयोगाच्या अध्यक्षपदी तेच होते.

पद्मश्री १९९८ मध्ये, पद्मभूषण १९९९ मध्ये आणि पद्मविभूषण २००९ मध्ये असा त्यांच्या पुरस्कारांचा क्रम आहे. प्रश्नमंजूषेत तो हमखास उलटसुलट होतो. गोवा सरकारने २०१० मध्ये ‘गोमंत विभूषण’ हा राज्याचा सर्वोच्च नागरी सन्मान सुरू केला, तेव्हा पहिला मान त्यांनाच मिळाला. त्यामुळे ‘गोव्याचे का?’ या प्रश्नाला गोवा सरकारचे उत्तर तरी निःसंदिग्ध आहे.

त्यांचे वडील कोण?

पुरुषोत्तम काकोडकर. गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्यातील हे मोठे नाव आहे, आणि आजच्या मुलांना मुलगा माहीत असतो पण वडील माहीत नसतात, याची मला थोडी खंत वाटते.

पुरुषोत्तम काकोडकर हे कुडचडे-काकोड्याच्या मातीतले गांधीवादी. डॉ. राममनोहर लोहिया यांनी १८ जून १९४६ रोजी मडगावात नागरी स्वातंत्र्यासाठी सभा घेतली आणि त्यानंतर गोव्यात जो सत्याग्रह पेटला, त्यात पकडल्या गेलेल्या अग्रणी कार्यकर्त्यांपैकी ते एक होते. पोर्तुगीज सत्तेने त्यांना आणि त्यांच्यासारख्या काही जणांना थेट पोर्तुगालला नेऊन ठेवले. मुलगा तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा होता. घर सांभाळले ते पत्नी कमलाताईंनी. त्याही गांधीवादी होत्या. गोवा मुक्त झाल्यावर पुरुषोत्तम काकोडकर प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि १९७१ मध्ये पणजी मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले.

एक तपशील लक्षात घेण्याजोगा आहे. या कुटुंबात काकोडा परिसराशी थेट नाळ असलेली पिढी वडिलांची. जगाला माहीत झालेली पिढी नर्मदेच्या खोऱ्यात जन्मली. तरी आडनाव तसेच राहिले.

माजी मुख्यमंत्री शशिकला काकोडकर या अनिल काकोडकरांच्या भगिनी होत्या का?

नव्हत्या. हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी विचारला जातो आणि एकदा तर एका भाषणाच्या कच्च्या मसुद्यात तो विधान म्हणूनच लिहिलेला मी पाहिला. सुदैवाने भाषणाआधी तो कागद तपासायला माझ्याकडे आला होता.

शशिकलाताई जन्माने बांदोडकर. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद उर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांच्या त्या कन्या, आणि काकोडकर हे त्यांचे सासरचे आडनाव. त्यांचा जन्म ७ जानेवारी १९३५ चा. भाऊसाहेबांच्या १९७२ च्या मंत्रिमंडळात त्या राज्यमंत्री होत्या. १२ ऑगस्ट १९७३ रोजी भाऊसाहेबांचे निधन झाले आणि लगोलग त्यांनी गोवा, दमण आणि दीव या संघप्रदेशाच्या मुख्यमंत्रिपदाची सूत्रे घेतली. १९७७ ची निवडणूक जिंकून त्या पुन्हा मुख्यमंत्री झाल्या आणि एप्रिल १९७९ मध्ये सरकार कोसळेपर्यंत त्या पदावर होत्या. गोव्याला आजवर लाभलेल्या त्या एकमेव महिला मुख्यमंत्री आहेत. २८ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांचे निधन झाले. गोव्यात त्यांना ‘ताई’ म्हणत, आणि जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘ताईंच्या वेळी’ असे आले की ते याच सहा वर्षांविषयी असते.

त्या सहा वर्षांतले जे काम गावागावांत आजही जाणवते, ते म्हणजे १९७५ चा मुंडकार कायदा. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहणाऱ्या मुंडकाराला भाटकाराची मर्जी फिरली की घर सोडावे लागे. या कायद्याने त्याला निष्कासनापासून संरक्षण दिले आणि घराखालची जागा विकत घेण्याचा मार्ग खुला केला. पुढच्याच वर्षी कूळ कायद्यात पाचवी दुरुस्ती झाली आणि कसणाऱ्या कुळाला मालकी देण्याचे तत्त्व आले. या दोन्ही कायद्यांवरचे खटले अजूनही मामलेदाराच्या कचेरीत चालू असतात, यावरून ते किती खोलवर गेले हे कळते. १९९० मध्ये शिक्षणमंत्री असताना त्यांनी प्राथमिक शाळांचे अनुदान मराठी आणि कोंकणी माध्यमापुरते ठेवले. त्या निर्णयावरचा वाद गोव्यात आजही थंड झालेला नाही.

बांदोडकर हेही गावाचेच आडनाव ना? मग ताई मूळच्या बांदोड्याच्या का?

आडनाव फोंडा तालुक्यातील बांदोड्यावरून आलेले आहे खरे, पण भाऊसाहेबांचे घराणे पेडणे तालुक्यातले. म्हणजे शशिकलाताईंना माहेरी एका गावाचे आणि सासरी दुसऱ्या गावाचे आडनाव मिळाले, आणि पेडणे या दोन्हींतही नाही. आडनाव पाहून ‘तुमचा गाव अमुक’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

जनमत कौलात काकोडकर कोणत्या बाजूला होते?

हा प्रश्न मला आवडतो, कारण त्याचे उत्तर ‘दोन्ही’ असे आहे.

गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की संघप्रदेश म्हणून वेगळा राहावा, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. फरक ३४,०२१ मतांचा होता. पुरुषोत्तम काकोडकर विलीनीकरणाच्या विरोधात होते. हा प्रश्न विधानसभेतील बहुमताने न सोडवता थेट लोकांना विचारावा, हे दिल्लीच्या गळी उतरवण्यात त्यांचा मोठा वाटा मानला जातो. त्या वेळी विधानसभेत बहुमत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे होते आणि तो पक्ष विलीनीकरणवादी होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या आग्रहाचे मोल कळते. शशिकला काकोडकर त्याच महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या, आणि त्या पक्षाच्या संस्थापकाची कन्या.

गोव्याच्या विसाव्या शतकातील सर्वात कळीच्या प्रश्नावर एकच आडनाव असे समोरासमोर उभे होते. आडनाव सारखे म्हणून विचारही सारखे, असे धरून चालणाऱ्यांना मी हे पान उघडून देतो. मराठी वाचकांना एक आठवण करून द्यायला हवी : कौल विलीनीकरणाविरुद्ध गेला म्हणजे मराठीविरुद्ध गेला असे नव्हे. वेगळ्या गोव्याच्या बाजूने मत देणाऱ्या कितीतरी घरांत भजने, नाटके आणि वर्तमानपत्रे मराठीच होती.

कादंबरीकार चंद्रकांत काकोडकर कोण?

इथे थोडे वाचनालयातले सांगतो. मी कामाला लागलो तेव्हा आमच्याकडे पुस्तके केवळ लेखकाच्या आडनावाने लावलेली होती. ‘क’च्या कपाटात, खालून दुसऱ्या खणात, अणुऊर्जेवरचे एक जाड पुस्तक होते आणि त्याला टेकून चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबऱ्यांची रांग. जाड पुस्तकाचे पुठ्ठे कोरे करकरीत होते. कादंबऱ्यांना वर्तमानपत्राची वेष्टणे घातलेली होती, कोपरे मऊ पडलेले होते, मागच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के एकावर एक बसून निळा चिखल झाला होता, आणि एकीची शेवटची आठ पाने कोणीतरी वहीच्या कागदावर हाताने उतरवून शिवून लावली होती. कोणते काकोडकर अधिक वाचले जात, हे विचारण्याची गरज नव्हती.

चंद्रकांत काकोडकर हे मराठीतील अतिशय लोकप्रिय कादंबरीकार. समीक्षकांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही, वाचकांनी भरपूर घेतली. ‘दो रास्ते’ हा १९६९ चा हिंदी चित्रपट त्यांच्याच कादंबरीवर आधारलेला आहे. परंतु त्यांचे नाव कायमचे राहिले आहे ते न्यायालयाच्या निकालपत्रात.

तो खटला काय होता?

‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात त्यांची ‘श्यामा’ ही कथा छापून आली. ती अश्लील आहे अशी फिर्याद झाली आणि लेखकासह मासिकाशी संबंधित मंडळींवर भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ खाली खटला चालला. पुण्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी लेखकाला निर्दोष ठरवले, मुंबई उच्च न्यायालयाने दोषी धरून दंड केला, आणि शेवटी १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. कायद्याच्या पुस्तकात हा खटला ‘चंद्रकांत कल्याणदास काकोडकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने सापडतो.

दंड किरकोळ होता. खटल्याचे महत्त्व निकालामागच्या युक्तिवादात आहे. अश्लील म्हणजे काय, याची एकच घट्ट व्याख्या करता येत नाही, समाजाची मापे देशोदेशी आणि काळागणिक बदलतात, आणि भारतातली मापे तर वेगाने बदलत आहेत, हे न्यायालयाने मान्य केले. लेखकाने केवळ अल्पवयीन वाचकाच्या मनावर काय परिणाम होईल एवढाच विचार करून लिहावे, अशी अपेक्षा ठेवता येणार नाही, हा त्यातला दुसरा मुद्दा. कथा वाङ्मय म्हणून थोर आहे असे न्यायालयाने म्हटलेले नाही. साहित्यमूल्य आणि गुन्हा या दोन गोष्टी न्यायालयाने वेगळ्या ठेवल्या, आणि माझ्या मते त्या निकालाचे शहाणपण नेमके तिथेच आहे. पुढे अश्लीलतेचे जे खटले सर्वोच्च न्यायालयात आले, त्यांत या निकालाचा आधार वारंवार घेतला गेला. कायद्याचे विद्यार्थी वाचनालयात येऊन ‘काकोडकर आहे का?’ असे विचारतात, तेव्हा त्यांना अणुभट्टी नको असते.

‘काकोडकर समिती’ म्हणजे कोणती समिती?

ही अनिल काकोडकरांच्या अध्यक्षतेखालची समिती असते हे नक्की, परंतु ती एक नाही. वर्तमानपत्रात नुसता ‘काकोडकर समिती’ असा उल्लेख आला तर बातमी रेल्वेची आहे की शिक्षणाची, हे आधी पाहावे.

आयआयटींना अधिक स्वायत्तता कशी द्यावी यावरच्या समितीने २०११ मध्ये अहवाल दिला. त्यात संशोधनावर भर होता आणि आयआयटींतून वर्षाला १०,००० पीएच. डी. बाहेर पडाव्यात असे लक्ष्य मांडले होते. एनआयटींसाठीही त्यांच्याच अध्यक्षतेखाली वेगळी समिती होती.

लोकांच्या तोंडी अधिक आहे ती रेल्वे सुरक्षेवरची उच्चस्तरीय समिती. लागोपाठच्या अपघातांनंतर २०११ मध्ये ती नेमली गेली आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये तिने अहवाल दिला, ई. श्रीधरन हेही तिचे सदस्य होते. समितीने १०६ शिफारशी केल्या आणि पाच वर्षांत सुमारे एक लाख कोटी रुपये सुरक्षेवर खर्च करावेत असे सुचवले. सर्व फाटके, म्हणजे पहारेकरी असलेली आणि नसलेली दोन्ही, बंद करून तिथे पूल बांधावेत. जुन्या पद्धतीचे डबे बनवणे थांबवून अपघातात एकमेकांवर न चढणारे एलएचबी डबे वापरावेत. आणि रेल्वे मंडळापासून स्वतंत्र असे वैधानिक सुरक्षा प्राधिकरण स्थापावे, या त्यांतल्या ठळक गोष्टी. पुढे २०१७-१८ मध्ये एक लाख कोटींचा राष्ट्रीय रेल संरक्षा कोष जाहीर झाला, २०१८ पासून नवे डबे एलएचबी पद्धतीचेच बनू लागले आणि जानेवारी २०१९ पर्यंत ब्रॉडगेज मार्गांवरील पहारेकरी नसलेली सर्व फाटके बंद झाली. हे सारे समितीमुळेच झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल, पण दिशा तिने आखून दिलेली होती हे खरे.

नकाशावर काकोडा सापडत नाही. गाव आहे तरी कुठे?

सापडत नाही, कारण रोमन लिपीत ते ‘काकोरा’ असे लिहिले जाते. पोर्तुगीजांच्या तोंडी मूर्धन्य ‘ड’ नव्हता. त्यांनी तो ‘र’सारखा ऐकला आणि ‘आर’ने लिहिला. काकोड्याचा ‘काकोरा’ झाला, बांदोड्याचा ‘बांदोरा’ आणि कुडचड्याचा ‘कुर्चोरे’, त्यातही शेवटी नाकातल्या उच्चारासाठी लावलेला ‘एम’ असल्यामुळे परका माणूस ‘कुर्चोरेम’ वाचतो. शिवाय पोर्तुगीज लेखनात ‘क’साठी ‘के’ हे अक्षर नसे, ‘सी’ असे. आडनावे मात्र मुक्तीनंतर बहुतेकांनी मराठी-कोंकणी उच्चाराला धरून ‘के’ आणि ‘डी’ वापरून लिहायला घेतली. परिणाम असा की सरकारी फलकावरचे गावाचे नाव आणि त्याच गावावरून आलेले आडनाव इंग्रजीत शेजारी शेजारी ठेवले, तर दोहोंचा काही संबंध असेल अशी शंकाही येत नाही. मुंबईहून आलेले एक आजोबा फोनवरच्या नकाशात अर्धा दिवस आपले गाव शोधत होते आणि ते त्या वेळी काकोड्यातच उभे होते.

आमच्या आजोबांच्या जुन्या कागदात आडनाव ‘सी’ने लिहिले आहे, आमचे ‘के’ने. अडचण येईल का?

येऊ शकते, विशेषतः जमिनीच्या वारसाहक्काच्या किंवा पोर्तुगीज काळातील जन्मनोंदीवर आधारलेल्या कामात. हे एकट्या काकोडकरांचे दुखणे नाही. कामतांचे ‘कामोतिम’, प्रभूंचे ‘पोरोबो’ आणि शेणवींचे ‘सिनाय’ झालेले कागद गोव्यातल्या घरोघरच्या पेट्यांत आहेत. मी पाहिलेल्या एका कुटुंबाच्या तीन कागदांत आजोबांचे आडनाव तीन ‘सी’ने, वडिलांचे काही ‘के’ आणि काही ‘सी’ने आणि नातवाचे तिन्ही ‘के’ने लिहिलेले होते. तिघे एकाच घरात राहत होते. अशा वेळी दोन्ही लेखने एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र पुष्कळदा पुरते. नोंदच बदलायची असेल तर गोव्यात त्यासाठी १९९० चा नाव व आडनाव बदल कायदा आहे आणि त्याखाली अर्ज करावा लागतो. वकिलाकडे जाण्याआधी सगळे कागद एकत्र करून प्रत्येकावरचे लेखन एका कोऱ्या कागदावर तारखेनुसार उतरवून घ्यावे. निम्मे काम तिथेच होते.

आम्ही काकोडकर, म्हणजे आमचे कुलदैवत काकोड्यातच असणार ना?

तसे गृहीत धरू नये. गोव्यात देवही स्थलांतरित आहेत. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश आणि साष्टी हे भाग पोर्तुगीजांच्या ताब्यात गेल्यावर तिथले अनेक देव नदीपार हलवले गेले. मंगेशकर हे आडनाव ज्या मंगेशीवरून आले, त्या मंगेशीचा देवच मुळात कुठ्ठाळीहून प्रियोळला आलेला आहे. आणि हे आडनाव जगभर नेणाऱ्या लता मंगेशकर जन्मल्या इंदूरला.

केपे तालुका नव्या काबिजादीतला, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून मिळवलेल्या मुलखातला. तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांकडे गेला, आणि तोवर देवळे पाडण्याचा जुना आवेश ओसरलेला होता. त्यामुळे काकोड्यातल्या देवळांवर ती वेळ आली नाही. पण तुमचे पूर्वज काकोड्यात कुठून तरी आधी आलेले असतील, तर कुलदैवत त्या पहिल्या गावचे राहिलेले असू शकते. घरातल्या वडीलधाऱ्यांना आडनाव विचारू नका, ते तुम्हाला ठाऊकच आहे. नारळ कुठे ठेवतात आणि लग्नाची पहिली पत्रिका कुठे जाते, ते विचारा.

गाव नाहीसे झाले तर आडनावाचे काय होते?

काही होत नाही, ते चालत राहते. आमच्या शेजारच्या सांगे तालुक्यातील कुर्डी हे गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी ओसरले की तिथल्या भिंती, वाटा आणि सोमेश्वराचे देऊळ वर येते, जुने रहिवासी मे महिन्यात तिथे जमतात, आणि पावसाबरोबर गाव पुन्हा बुडते. गायिका मोगूबाई कुर्डीकर त्याच कुर्डीच्या. काकोड्यावर ही पाळी आलेली नाही. तिथे औद्योगिक वसाहत आली, तंत्रनिकेतन आले आणि वर्दळ वाढली.

कुडचडकर आणि काकोडकर एकच का?

नाही. पालिका एक, आडनावे दोन. कुडचड्याचे कुडचडकर वेगळे आणि नदीपलीकडच्या सावर्ड्याचे सावर्डेकर आणखी वेगळे.

रेल्वेने यायचे असेल तर कुठे उतरावे?

मुरगाव-लोंढा मार्गावर मडगावच्या पूर्वेला जे स्थानक आहे, त्याच्या फलकावर सावर्डे आणि कुडचडे अशी दोन गावांची नावे जोडून लिहिलेली आहेत. काकोडा त्या फलकावर नाही. तरीही तिथेच उतरावे, बाहेर येऊन बाजारात कोणालाही ‘काकोड्याला जायचे आहे’ असे सांगावे, आणि सांगताना ‘र’ न म्हणता ‘ड’ म्हणावे.